पाठराखिणीनं परत जायचं असतं

प्रिय आक्का,

वरवट बकालला, तुझ्या लेकीच्या सासरी, ओसरीवर बसून लिहितेय. पिशवी भरून दाराशी ठेवलीय. दुपारच्या गाडीनं शेगाव, तिथून खामगाव, मग घाट चढून बुलढाणा आणि पुढं धाड, असं एकटीनं घरी जायचंय. आणि तुझी पल्लवी आत तोंड फुगवून बसलीय, कारण मी जाऊ नये असं तिला वाटतंय. आता मी कोणाला विचारू? विचारायची सवय तुलाच, आणि रागही तुझ्यावरच.

बुलढाण्याच्या दवाखान्यातल्या मॅडम म्हणतात, वाट पाहायची वेळ आली की हाताला काम द्यावं, नाहीतर मन नको तिथं हिंडतं. इथं निवडायला मेथीची जुडीसुद्धा नाही, पल्लवीच्या सासूबाईंनी सगळं सकाळीच उरकलं. म्हणून तिच्या दिराकडून वहीची पानं मागून घेतली. तुझ्या वर्षश्राद्धाला मी आले, जेवले, पण तुझ्या फोटोसमोर उभी राहून काही बोलले नाही. ते बोलणं आज निघतंय. लिहिताना शाळेतली भाषा येते, तुला हसू येईल. राग आला की आपलीच येईल, तेवढं सांभाळून घे.

आधी तुझ्या लेकीचं सांगते, नाहीतर तू पुढं वाचणारच नाहीस. घर चांगलं आहे. जावई अबोल, पण ताटावर बसला की आधी तिला विचारतो, तू जेवली का म्हणून. सासू तोंडाची फटकळ, मनानं साफ. पाणी मात्र खारट, चहात कोणी चिमूटभर मीठ टाकलंय असं वाटतं. घाटाखालचं ऊन तर विचारू नकोस. "मावशी, इथं केस धुतले तरी चिकटच राह्यतात," एवढीच पल्लवीची पहिल्या दिवशीची तक्रार होती. तेवढीच राहिली असती तर हे पत्र लिहिलं नसतं.

तिची पाठराखीण म्हणून मी आले, कळलं का तुला? भाऊजी त्यांच्या बहिणीला पाठवणार होते. पल्लवीच अडून बसली, "आई असती तर तिनं मावशीलेच पाठवलं असतं." मांडवातल्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. सगळ्यांना माहीत, सुमीला स्वतःलाच सोबत लागते, ती कोणाची काय पाठराखण करणार? त्या नजरा पाहून मी हो म्हणून बसले. येताना वऱ्हाडाच्या गाडीत नवरीच्या बाजूला बसून आले, त्यात काही शौर्य नव्हतं, गाडी माणसांनी भरली होती. परतणीला तिच्या माहेरी आम्ही दोघी बरोबरच निघणार होतो. पण पल्लवीच्या सासरच्यांचं कुळाचाराला जायचं ठरलं आणि परतणी पुढं गेली. तोवर पाठराखिणीनं लोकांच्या घरी पाहुणचार खात बसायचं का?

सकाळी धाडहून यांचा फोन आला. "जीप करून येऊ का न्यायले?" मी म्हटलं, नको. फोन ठेवला आणि लगेच पस्तावले. काऊन नको म्हटलं मी?

माझ्या लग्नात माझी पाठराखीण तू होतीस. धाडच्या त्या घरात पाऊल टाकलं तर ओसरीभर लाल मिरच्या पसरलेल्या. मला शिंकांवर शिंका, आणि तू पदरात तोंड लपवून हसत होतीस. पंगतीत प्रत्येक भाजी आधी तू चाखायचीस आणि कानात सांगायचीस, "लय तिखट हाय वं, पाणी जवळ घे." बाबा न्यायला आले, आपण दोघी परत गेलो. रीत तिथं संपते, आक्का. पाठराखीण एका खेपेपुरती असते. तू मात्र जन्मभर येत राहिलीस.

सुरुवात तुझ्यामुळं झाली नाही, हे कबूल. माझा मुलगा कडेवर होता. चिखलीहून धाडला येत होते, गाडी खच्चून भरलेली. मध्येच काळजानं अशी उडी मारली की वाटलं, संपलं. हाताला मुंग्या, घसा बंद, अंगातून गरम वाफा. कंडक्टरनं गाडी थांबवली, बायकांनी लिंबाच्या झाडाखाली बसवलं, कोणीतरी कांदा हुंगायला दिला. घरी आले तेव्हा धडधाकट होते. पण दुसऱ्या दिवसापासून एसटीचा हॉर्न ऐकला तरी तळहात ओले व्हायचे. धडधड परत येईल या भीतीनंच ती परत यायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असाच असावा.

मग ती सलाईनची वर्षं. आठवतात का? जीव घाबरला की डॉक्टरकडे, डॉक्टर म्हणायचा कमजोरी, आणि बाटली लावायचा. तू उशाशी बसून थेंब पडताना पाहायचीस. बाटली संपेपर्यंत मला बरं वाटायचं, आणि तू घरी येऊन सांगायचीस, "बाटलीनं जीव आला पाहा पोरीच्या जीवात." छातीची पट्टी, तो ईसीजी, काढली, चांगली निघाली. रक्त तपासलं, तेही चांगलं. तरी पुढच्या खेपेला परत बाटली. पुढं मॅडमनी सांगितलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. धडधड तशीही थोड्या वेळानं आपोआप ओसरते म्हणे, बाटली लावा नाहीतर नुसतं गप्प बसून राहा. आपल्याकडे म्हणतात ना, दुखणं हाल्याले अन् इंजेक्शन पखालीले, म्हणजे आजारी रेडा अन् सुई त्याच्या पाठीवरल्या पाण्याच्या पिशवीले. मी बाई बरी व्हायचे ती वेळ गेल्यामुळं, आणि नाव व्हायचं मिठाच्या पाण्याचं.

आणि बाटली नसली तर तू होतीस. साखरखेर्ड्याहून निघायचीस, शेतातलं काम टाकून, पल्लवीला शेजारणीकडे ठेवून. मला बँकेत जायचंय, आक्का आली. मुलाच्या शाळेचं गॅदरिंग, आक्का आली. धाडच्या बायका म्हणायच्या, सुमीच्या दारात चपलांचे दोन जोड दिसले म्हणजे सुमी बाहेर निघाली समजायचं. भाऊजी कुरकुरायचे, तू ऐकायची नाहीस. "मी हाये नं," म्हणायचीस. तेवढं ऐकलं की माझा श्वास जागेवर यायचा. मला वाटायचं, एवढी माया करणारी बहीण कोणाला मिळते? आजही वाटतं. म्हणून तर राग धड करता येत नाही.

घरोघरी फिरणाऱ्या आरोग्याच्या आशाताईनं मला बुलढाण्याला पाठवलं ना, तेव्हाही सोबत तूच. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांची ओपीडी असते हे आपल्या सात पिढ्यांना माहीत नव्हतं. तू दारातच थबकलीस. "इथं येडे येतात वं." आत तर आपल्यासारखीच माणसं बसली होती. एक मास्तर, एक बाळंतीण, बारावीतली एक पोरगी. डॉक्टरनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. म्हणाले, हृदयाला काही नाही, हा चिंतेचा आजार आहे, पुष्कळांना असतो आणि बरा होतो. रोजची गोळी दिली. असर यायला काही आठवडे लागतील आणि बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही, असं बजावून सांगितलं. मग समुपदेशनाच्या मॅडमकडे पाठवलं. त्यांचं बोलणं मला लगेच पटलं. "शेतात कुत्रं भुंकलं म्हणजे चोर आलाच असं असतं का? तुमचं कुत्रं जरा जास्तच जागरूक आहे. भुंकू द्या. तुम्ही पळाला की त्याला वाटतं, चोर खरंच होता."

आणि मग त्या तुला म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसाल का?"

तुझा चेहरा अजून दिसतो मला. कोणी भरल्या पंगतीतून उठवावं तसा झाला होता.

मॅडमनी मला पायऱ्या पाडून दिल्या होत्या. आधी नुसतं स्टँडवर जाऊन बसायचं. मग एका गावापर्यंत जायचं, मग बुलढाणा. भीती आली तर उतरायचं नाही, फोन लावायचा नाही, श्वास हळू सोडायचा आणि ती जाईपर्यंत तिच्याजवळ बसायचं. आणि एकटीनं. मी केलं, आक्का! पुढच्या गावापर्यंत एकटी गेले. घामानं ब्लाउज भिजलं, पण गेले. उतरून फाट्यावर उभी राहिले, वाटलं ओरडून सांगावं कोणाला तरी. तेवढ्यात मागून काळीपिवळी जीप येऊन थांबली आणि तिच्यातून तोंडावर पदर घेऊन एक बाई उतरली. चपला ओळखल्या मी.

तेव्हा आपण दोघी किती हसलो! फाट्यावरच्या टपरीवर चहा प्यालो. तू म्हणालीस, "जीव राह्यला नाई वं माह्या. रस्त्यात काही झालं असतं तर?" मी तुझ्या गळ्यात पडले. पुढच्या वेळी मॅडमना कौतुकानं सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तुम्ही एकट्या गेलाच नव्हता."

पुढचं तुला माहीत आहे. मला जरा बरं वाटायला लागलं आणि तू मागं लागलीस, गोळ्यांची सवय लागते, डोकं बधिर होतं, आता सोडून दे. मलाही तेच ऐकायचं होतं. सोडल्या. पावसाळा सरायच्या आत धडधड परत आली, आणि तूही परत आलीस, पिशवी घेऊन. एक विचारू? माझी भीती गेली असती तर तू काय केलं असतंस? साखरखेर्ड्याच्या त्या घरात तुला कोणी विचारत नव्हतं. भाऊजींचा तुटक स्वभाव, सासूचं बारमाही दुखणं. धाडला तुला मान होता, माझा मुलगा तुला मोठी आई म्हणायचा. माझ्या भीतीवर तुझंही पोट भरत होतं का गं? हे मी रागानं लिहीत नाही. मला खरंच माहीत नाही.

राग आहे तो एका दिवसाचा. तुझ्या डोक्यातली शीर फुटली तो दिवस. साखरखेर्ड्याहून फोन आला तेव्हा हे मिरची घेऊन बाजारात गेलेले, फोन लागत नव्हता. मी तशीच स्टँडवर पळाले. चिखलीची गाडी समोर उभी होती. पाय उचलेना. ती गेली. दुसरी आली, तीही गेली. साऱ्या जन्मात ज्या दिवशी एकटीनं निघायचं होतं तो एकच दिवस, अन् मले तुह्याबिगर गाडीत चढता येत नव्हतं. हे आले, मोटरसायकलवर मला घेऊन निघाले. पोचलो तेव्हा तुला उचलून नेलेलं होतं. अंगणात नुसतं ओलं दिसत होतं. तुले शेवटचं पाह्यलंही नाई मी, आक्का.

तेराव्यानंतर मी परत बुलढाण्याला गेले. यांना घेऊन. यावेळी मॅडमनी यांनाही समजावलं, भिऊ नको म्हणू नका आणि उचलून घरीही आणू नका. आता मला धडधड आली की हे नुसतं विचारतात, "आली का? येऊ दे, जाईन मंग," आणि पेपर वाचत बसतात. आधी मला याचाच संताप यायचा. गोळी परत सुरू झाली, आता डॉक्टर तीच हळूहळू कमी करताहेत. बोलायला सरकारनं एक फोनही ठेवलाय, फुकट, मराठीत बोलतात. एकदा फारच वाईट दिवस होता, तर घराच्या पायरीवर बसून त्यावर बोलले. पलीकडचा पोरगा माझ्या मुलाएवढा असेल, पण एकदाही म्हणाला नाही की काकू, हे तुमच्या मनाचे खेळ आहेत.

बरं झालं म्हणजे भीती गेली असं समजू नकोस. ती आहे. आत्ताही आहे, अक्षर बघ कसं वाकडं येतंय.

आता मुद्द्यावर येते. परवा नवरी पाहायला गल्लीतल्या बायका आल्या होत्या. पल्लवी चहाचा ट्रे घेऊन आली आणि कप वाजायला लागले. सगळ्यांना वाटलं, लाजली. मी तिची नखं पाहिली, पांढरी पडलेली. ट्रे तिच्या हातातून घेतला आणि तिला आत नेलं. "मावशी, श्वासच नाई येऊन राह्यला. मी मरते का वं?" तुझ्या लेकीच्या तोंडून माझंच वाक्य, आक्का! लग्नाआधीपासून होतंय म्हणे, तुझ्यानंतर जास्त. अ‍ॅसिडिटी सांगून लपवत होती. तिची सासू मागोमाग आली आणि म्हणाली, "कमजोरी हाय. डॉक्टरले बोलावते, बाटली लावून देईन." मी म्हटलं, जरा थांबा. पल्लवीजवळ बसले, तिचा हात धरला नाही, नुसती बसले आणि हळू श्वास सोडत राहिले. ती माझ्याकडे पाहून तसंच करायला लागली. ओसरलं.

मग ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "तू होती म्हणून निभलं. नको जाऊ नं मावशी." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी हाये नं."

ऐकलं आणि अंगावर काटा आला. शब्द तुझे, आवाजही तुझाच. सासू म्हणाली, "राहा की महिनाभर, पोरीले आधार होईन." खरं सांगते, मला राहायचं होतं. घाट नको, गाडी नको, एकटीचा प्रवास नको, आणि वर चार लोक म्हणणार, बघा, भाचीसाठी थांबली. मी थांबले असते तर कोणाला कळलं असतं की मी घाबरून थांबलेय?

काल दुपारी मी सासूबाईंना घेऊन बसले. नव्या नवरीचं असं सांगायचं म्हणजे तिच्याच संसाराला चूड लावणं, असं मांडवातली कोणीही म्हणाली असती. तरी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे पोरीच्या डोक्यात काही हाय का वो? हे आधी सांगाले पाह्यजे होतं विहीणबाई."

"मले कालच कळलं. अन् हे माह्यातही हाय," मी म्हटलं. "इतके दिवस तुमच्या घरी राह्यली, मी तुम्हाले येडी दिसली का?"

त्या जवळ सरकून बसल्या. मग म्हणाल्या, "माह्या भावाले असंच होये. जत्रंत गेला का घाम फुटे. लोक भित्रा म्हणत. आम्ही उतारे केले, दर्ग्यावर नेलं. दवाखान्यात कोणी नेलंच नाई. त्यानं शेवटी घराबाहेर निघनंच सोडलं." पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "कुठी न्याव लागते हिले?" मी सांगितलं, शेगावच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा, नाहीतर बुलढाणा आहेच. "मी संग आत बसू का?" पहिल्या खेपेला बसा, म्हटलं, मग बाहेर. आणि बाटली लावू नका. "बरं बाप्पा, नाई लावत," म्हणाल्या. तुझ्या लेकीचं नशीब चांगलं आहे.

आतून बांगड्या वाजताहेत. गाडीची वेळ झाली. उठते.

हे पुढचं खामगावच्या स्टँडवर बाकावर बसून लिहितेय.

वरवटला एक गाडी मी सोडली, लपवत नाही. पल्लवी आणि तिचा दीर पोचवायला आले होते, दोघांनी पाहिलं. दुसरी आली तेव्हा चढले. मागून पल्लवी पायरीवर चढली. "शेगावपर्यंत येते नं मावशी. वापस येईन मंग." मी खिडकीकडे सरकलेसुद्धा होते, तिला जागा करून. कंडक्टर आला. "दोन शेगाव?"

"एकच," मी म्हटलं.

पल्लवी उतरली. माझ्याकडे पाहिलं नाही तिनं. गाडी हलली तेव्हा मात्र खिडकीशी धावत आली. "पोचली का फोन करजो." "करीन. अन् तू दवाखान्यात जाजो," मी म्हटलं. तिनं मान हलवली. तुझ्यासारखीच हलवते, एका बाजूला.

शेगावच्या अलीकडं ती आलीच, धडधड. हात मुंग्यांनी भरले. उतरावं वाटलं, ओरडावं वाटलं, यांना फोन लावावा वाटलं. म्हटलं, ये, बस इथं, जागा रिकामीच आहे. बसली बराच वेळ. मग गेली.

शेगावला स्टँडबाहेर येऊन उभी राहिले. मागून एक काळीपिवळी येऊन थांबली. खामगावची गाडी लागली होती, तरी मी त्या जीपमधल्या सगळ्या बायका उतरेपर्यंत तिथंच उभी होते. एकेकीच्या चपला पाहत. तू नव्हतीस.

आता बुलढाण्याची गाडी लागतेय. बोथ्याचा घाट राहिलाय, तिथं परत येईल ती, मला माहीत आहे. तुझ्या पोरीचं मी पाहीन, आक्का, वचन देते. तिला दवाखान्यात जाताना पाहीन, तिचे फोन घेईन, ती रडली तर ऐकून घेईन. पण तिच्या मागच्या जीपमध्ये मी बसणार नाही. आणि तूही आता माझ्या मागून येऊ नकोस.

तुझी,
एक धाड तिकीट काढणारी,
सुमी